‘ताई, नॉमिनी तर तुमच्या सासूबाई आहेत’

ह्यांच्या तेराव्यानंतर चौथ्या दिवशी फोन आला. समोरच्याला ह्यांचं पूर्ण नाव, कंपनी, मुलाचं नाव, सासूबाईंचं नाव, सगळं ठाऊक. मला वाटलं कंपनीचाच माणूस. दशक्रियेचा जो मेसेज आम्ही व्हॉट्सॲपवर फिरवला होता त्यात हे सगळं होतं, खाली दिराचा नंबरही, हे फार उशिरा लक्षात आलं.

घरी आला तो फाइल घेऊनच. बाकीचे सगळे माझं सांत्वन करत होते, हा एकटा कामाचं बोलत होता. मला तेच बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

‘ताई, पीएफच्या रेकॉर्डला नॉमिनी सासूबाई आहेत. तुम्हाला पेन्शन बसणार नाही. नाव बदलून घ्यावं लागेल, आत द्यावे लागतात.’ ह्यांनी लग्नाआधी आईचं नाव लावलं असेल, हे मला अगदी पटलं. आधी 12,000, मग ‘ॲफिडेव्हिटचे’ 9,000, शेवटी 6,500. पहिले दोन हप्ते रोख. पावती म्हणून एक झेरॉक्स दिली, वर गोल शिक्का. सासूबाईंपुढे विषय काढायची लाज वाटत होती, आणि त्याने नेमकं तेच हेरलं होतं.

चार महिन्यांनी पुतणीला घेऊन मी स्वतः पीएफ ऑफिसात गेले. काउंटरवरच्या बाईंनी नंबर टाकून पाहिला. क्लेम आलेलाच नव्हता.

मग त्यांनीच समजावलं. नोकरीत असताना माणूस गेला तर पेन्शन बायकोला हक्काने मिळते, नॉमिनी कोणीही असो. एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरे. पीएफच्या रकमेला नॉमिनेशन बघतात, ती गोष्ट वेगळी. पेन्शनसाठी फॉर्म 10डी, पीएफसाठी 20, पीएफसोबत असणाऱ्या विम्यासाठी 5आयएफ. फी शून्य. मुलालाही 25 वर्षांचा होईपर्यंत विधवा पेन्शनचा पाव हिस्सा वेगळा मिळतो. आणि विमा! कमाल 7 लाखांपर्यंतचा. त्याचा हप्ता मालक भरतो, पगारातून कापत नाहीत, म्हणून ह्यांच्या पगारपत्रकावर तो मला कधी दिसलाच नव्हता. त्या माणसाने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

फॉर्म पुतणीने एका दुपारी भरले. कंपनीच्या एचआरची सही मिळायला मात्र तीन फेऱ्या झाल्या. पेन्शन मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून धरली, त्यामुळे मधल्या महिन्यांची थकबाकीही आली. 27,500 गेले ते गेले. ऑनलाइन फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण यूपीआयने दिलेले फक्त 6,500 होते आणि त्यालाही दोन महिने उलटले होते. सासूबाईंना सगळं सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, ‘मला विचारायचंस तरी.’

परवा आमच्या नात्यात एक गेले. दशक्रियेचा मेसेज टाइप करायला माझ्याकडे आला. मी घाटाचं नाव आणि वेळ ठेवली, खालची नावं आणि फोन नंबर काढून टाकले.