दुर्बीण घ्यायची तर आधी तिचे पाय बघा

पहिली दुर्बीण घ्यायला निघालेले लोक विचारतात, आरसा किती इंची घेऊ? मी उलट विचारतो, ती उभी कशावर राहणार? माझी १३० मिमी आरशाची, ९०० मिमी नाभीय अंतराची (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर) दुर्बीण मी दोन्ही तऱ्हांनी वापरली आहे. पहिली तीन वर्षं दुकानातून आली तशी, म्हणजे ॲल्युमिनियमच्या तिपाईवरच्या हलक्या इक्वेटोरियल माउंटवर. माउंट म्हणजे नळी धरून ठेवणारा आणि फिरवू देणारा आधार; इक्वेटोरियलचा एक अक्ष ध्रुवाकडे तिरपा असतो. नंतर सुताराकडून करून घेतलेल्या डॉब्सोनियन पेटीत, म्हणजे तिपाईशिवायच्या फिरत्या लाकडी आधारावर. नळी तीच, आरसा तोच, गच्ची तीच. तरी दोन्हींतून दिसलेला शनी एक नव्हता.

फरक मोजायला कुठलंही यंत्र लागत नाही. १० मिमीची आयपीस, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, लावा, ताऱ्यावर फोकस करा आणि नळीच्या तोंडाशी बोटाने टिचकी मारा. तारा नाचायला लागला की मनात आकडे मोजा. दोनच्या आत थांबला तर माउंट चांगलं, तीनपर्यंत चालवून घेता येतं. माझ्या तिपाईचे पाय पूर्ण ताणलेले असले की पाचपर्यंत मोजावं लागायचं. फोकसचं चाक फिरवायचं, पाच मोजायचे, बघायचं, जमलं नाही म्हणून पुन्हा फिरवायचं. फोकस नेमका कुठे आला ते कळतच नसे. या आयपीसने (९०० भागिले १०) ९० पट मोठं करून बघताना नळी एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग हलली, तरी डोळ्याला ती थरथर दीड अंशाची दिसते. तीन पूर्ण चंद्र ओळीने मावतील एवढी! आणि शनीची कडी या टोकापासून त्या टोकापर्यंत एका कलेपेक्षाही लहान.

तिपाईच घ्यायची असेल तर पाय हातात धरून बघा. तीन बाजूंनी दुमडलेली ॲल्युमिनियमची पट्टी असेल तर ती पिळली जाते. गोल पोलादी नळीचे पाय, पावणेदोन-दोन इंच जाडीचे, कितीतरी घट्ट राहतात. पाय लांबवू नका. लांबी निम्मी केली तर तेवढ्याच जोराला वाकणं आठपट कमी होतं. मी शेवटी पाय पूर्ण आत सारून स्टुलावर बसून बघायचो आणि मधल्या तबकाखाली पाण्याचा पाच लिटरचा कॅन टांगायचो. पाचचे तीन सेकंद झाले. दोन काही झाले नाहीत.

इक्वेटोरियल माउंटची आणखी एक गोष्ट सोलापुरात राहणाऱ्याने नीट समजून घ्यावी. या माउंटचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो आणि आपलं अक्षांश जेमतेम १७.७ अंश. म्हणजे ध्रुवतारा क्षितिजावर तेवढाच. हात लांब करून दोन मुठी एकावर एक ठेवल्या की त्यांच्याही खाली. शहरात त्या उंचीवर शेजाऱ्याची पाण्याची टाकी असते, नाहीतर धूळ. बरं, अक्ष इतका आडवा झाला की काही माउंटवर प्रतिभाराची, म्हणजे नळीचा तोल सांभाळणाऱ्या वजनाची, दांडी तिपाईच्या पायाला जाऊन अडते, आणि सगळं वजन उंची ठरवणाऱ्या एका बोल्टवर येतं. माझा तो बोल्ट दुसऱ्याच हिवाळ्यात वाकला. विकणाऱ्याने अक्षांशाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. म्हणून पैसे देण्याआधी माउंट १८ अंशांवर लावायला सांगा आणि दांडी पूर्ण एक फेरी फिरवून बघा.

डॉब्सोनियनला ध्रुवताऱ्याशी देणंघेणं नाही. १९६० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जॉन डॉब्सन यांनी ही रचना रूढ केली, ती रस्त्यावरच्या येणाऱ्या-जाणाऱ्याला आकाश दाखवता यावं म्हणून. खाली फिरणारी पाटी, वर पेटी, पेटीत नळी. माझी पेटी १८ मिमी प्लायची आहे. पाटीवर सनमाईका आणि त्यावर सरकायला टेफ्लॉनचे तीन तुकडे. सुताराला समजावायला अर्धा तास लागला. तुकडे बरोबर तळाच्या पायांच्या वर यायला हवेत, नाहीतर पाटी लवते. आता टिचकी मारली तर एक म्हणेपर्यंत तारा स्थिर. माझी नळी लहान असल्याने पेटी टाकीशेजारच्या सिमेंटच्या ओट्यावर ठेवावी लागते. १२०० मिमी नाभीय अंतराची सहा इंची घेतलीत तर ती जमिनीवर ठेवून खुर्चीत बसून बघता येईल. कारखान्याची पेटी बहुधा भुशाच्या फळीची असते, पावसात तिला गच्चीवर ठेवू नका, फुगते.

डॉब्सोनियनची अडचण डोक्यावरच्या आकाशात येते. तिथे पेटी फिरवायला धड कोनच मिळत नाही. आपल्याकडे रोहिणी आणि स्वाती जवळजवळ माथ्यावरून जातात, कृत्तिकाही फार लांब नाही. तासभर थांबलं की तारा उतरतो आणि काम होतं.

दुसरं म्हणजे ९० पटीला ग्रह दोन-सव्वादोन मिनिटांत नजरेबाहेर सरकतो. पोरांची रांग लागली की दर दोघांमागे नळी ढकलावी लागते. इक्वेटोरियलवर माउंटची एकच मूठ फिरवून ग्रह धरून ठेवता येतो, मोटर असेल तर तेही नको. ही सोय मोठी आहे आणि मला तिची अजून आठवण येते. तेजोमेघांचे फोटो काढायचे असतील तर इक्वेटोरियलला पर्याय नाही. पण मग ते भक्कमच घ्या, पोलादी पायांचं, आणि कागदावर जेवढं वजन पेलतं असं लिहिलंय त्याच्या निम्मंच त्यावर चढवा.

पातळ तिपाईवरची ७० मिमीची छोटी दुर्बीण चंद्रापुरती ठीक. त्यापेक्षा त्या पैशांत चांगली दुर्बिणीची जोडी, म्हणजे बायनॉक्युलर, घ्या.

सोलापूरच्या पूर्व भागात राहत असाल तर एक वेगळा त्रास आहे. खाली किंवा शेजारी यंत्रमाग चालू असले की धडधड भिंतीतून गच्चीपर्यंत येते, आणि तिथे कुठलंच माउंट पुरत नाही. स्लॅबच्या मधोमध न मांडता खालून भिंत किंवा कॉलम आला आहे त्या जागी मांडा, पायांखाली जाड रबराचे तुकडे द्या. माग बंद असतील त्या दिवशी शनी बघून घ्या.

आणि महिन्यातून एकदा अमावस्येच्या आसपास अंधारं आकाश बघायला शहराबाहेर नान्नजकडच्या माळरानावर जायचं मनात असेल, तर हेही आधी बघा: डॉब्सोनियनची पेटी दुचाकीवर येत नाही, तिपाई येते. माझी पेटी रिक्षात मागच्या सीटवर नेमकी बसते. सुताराला मापं देण्याआधी मी रिक्षाचं दार मोजून आलो होतो.