हाताने केलेल्या कामाचे पैसे: तासावर घ्यायचे की उक्ते?

ऑर्डरी यायला लागल्यात, काम लोकांना आवडतंय, पण "किती घ्याल?" असं कोणी विचारलं की आकडा तोंडातून निघत नाही, अशांसाठी हे लिहितोय. सामानाचा खर्च धरा, पॅकिंग धरा, स्वतःची मजुरी विसरू नका, हे तुम्हाला माहीतच असणार, ते परत उगाळत नाही. अडतं ते त्याच्या पुढे. मजुरी मोजायची कशी आणि गिऱ्हाइकासमोर मांडायची कशी? तासाचा दर सांगून जेवढे तास लागतील तेवढे पैसे, की आधीच ठरवून उक्ता आकडा? मी दोन्ही केलंय, आधी बराच काळ तासावर आणि आता उक्तं. माझं काम मुख्यतः पोर्ट्रेटचं, पेन्सिल आणि ऑइल, आणि बायको क्रॉस-स्टिच आणि क्रोशेच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे दोऱ्याच्या कामाचा हिशोबही रोज डोळ्यासमोर असतो. मातीकाम, लाकूडकाम करणाऱ्यांनी आपल्या कामाप्रमाणे थोडं इकडेतिकडे करून घ्यावं.

एक तिसरी पद्धतही आहे, ती आधी बाजूला काढतो. सामानाची किंमत गुणिले तीन. क्रोशेवाल्यांत बरीच चालते, सोपी आहे म्हणून. पण तीच शाल, तोच पॅटर्न, तेवढेच टाके, एकदा स्वस्त अ‍ॅक्रिलिकमध्ये केली आणि एकदा महागड्या मेरिनो लोकरीत, तर हात तेवढेच चालले आणि किंमत मात्र कितीतरी पट वेगळी. पेन्सिल पोर्ट्रेटला तर सामान म्हणजे एक कागद आणि चार पेन्सिली, त्याला तीनने गुणून हातात काय येणार? त्यापेक्षा किती मीटर लोकर लागली त्यावर दर लावलेला बरा, बारीक लोकरीला मीटर जास्त लागतात तसे टाकेही जास्त पडतात, म्हणजे कष्टाशी काहीतरी संबंध राहतो.

आता तासाचा दर. ही पद्धत वाईट आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. नवीन माणसाला तर ती आवश्यकच वाटते मला, कारण आपल्याला एका कामाला किती वेळ लागतो हेच सुरुवातीला माहीत नसतं, आणि अंदाज जवळजवळ नेहमी कमीच निघतो. रेफरन्स फोटो निवडणं, मेसेजना उत्तरं देणं, स्केच परत काढणं, फोटो काढणं, पॅक करणं, हे सगळं घड्याळ लावून मोजलं की मगच कळतं की ब्रश हातात असलेला वेळ आणि कामात गेलेला वेळ यात किती अंतर आहे. शिवाय ज्या कामाचा अंदाजच येत नाही, म्हणजे जुनं फाटलेलं भरतकाम दुरुस्त करायचंय किंवा पाण्याने खराब झालेलं चित्र नीट करायचंय, तिथे आत काय निघेल हे हात घातल्याशिवाय कळत नाही. तिथे उक्ता आकडा सांगणं म्हणजे डोळे झाकून उडी मारणं.

पण हात बसत जातो तसं तासाचं गणित उलटं फिरायला लागतं. जो चेहरा आधी आठवडाभर चालायचा तो आता दोन बैठकीत जुळतो, चांगला जुळतो, आणि पैसे मात्र कमी मिळतात. मग तासाचा दर वाढवायचा, बरोबर, पण वाढवलेला दर ऐकला की समोरचा माणूस पहिल्यांदा आपल्या स्वतःच्या पगाराचा तास काढून बघतो. यात त्याची चूक आहे असं नाही. पगाराच्या तासाला रिकामे दिवस, रजा, वाया गेलेला कॅनव्हास, बिघडलेली भट्टी यातलं काही चिकटलेलं नसतं आणि आपल्या तासाला ते सगळं चिकटलेलं असतं, पण ते समजावत बसणं ही दर ऑर्डरीची वेगळी मेहनत होऊन बसते. मातीकामवाल्यांचं तर आणखी अवघड, दोनदा भाजायचं, मधे सुकवायचं, एका भट्टीत दहा जणांची भांडी, आणि एका ऑर्डरीसाठी जादाचा नग करून ठेवायचा कारण एखादं तडकतंच. तडकलेल्या भांड्याचे तास कोणाच्या बिलात लिहायचे?

हे सगळं एक वेळ मी चालवून घेतलं असतं. माझा निर्णय झाला तो दुसऱ्याच एका गोष्टीमुळे, आणि त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण ती आधी कोणी सांगत नाही.

तासावर काम घेतलं की गिऱ्हाईक मधेमधे फोटो मागतं, हे साहजिक आहे, मीटर चालू आहे म्हटल्यावर माणूस बघणारच. फोटो पाठवला की उत्तर येतं, "अरे वा, मस्त झालंय की! आता एवढंच राहू द्या, फार करू नका." ते मनापासून म्हणतात, त्यांना खरंच छान वाटलेलं असतं. पण त्या क्षणी चित्र अर्ध्यावर असतं. पेन्सिलच्या पोर्ट्रेटमध्ये गडद भाग थरावर थर देत शेवटी येतात, केसांच्या मुळाशी, हनुवटीखाली, डोळ्यांच्या कडेला, आणि ते आले की मग चेहरा कागदातून पुढे येतो. त्याआधी सगळं नीट असतं, ओळखू येतं, पण सपाट आणि फिकट. क्रॉस-स्टिचमध्ये अगदी हेच, सगळे टाके भरून झाले की सर्वात शेवटी कडा काढणारी बॅकस्टिचची रेघ येते, आणि त्या रेघेशिवाय लहान आकाराचा चेहरा नुसता रंगांचा पुंजका दिसतो. क्रोशेच्या बाहुलीत नाकडोळे बऱ्याचदा शेवटी. म्हणजे ज्या शेवटच्या तासांत काम खरं उभं राहतं, नेमके तेच तास गिऱ्हाइकाला वाचवण्यासारखे दिसतात. तासाचा दर त्यांच्या हातात कात्री देतो आणि ती कात्री दरवेळी चुकीच्या जागी चालते.

आणि मग काय करायचं? त्यांचं ऐकलं तर अर्धवट चित्र आपल्या नावाने त्यांच्या भिंतीवर लागतं, येणारा जाणारा बघतो. ऐकलं नाही तर बिल वाढवायला काम लांबवतोय असं वाटतं, आणि तसं कोणी बोलून दाखवलं नाही तरी मेसेजच्या सुरात ते कळतं. मी बऱ्याचदा पुढचे तास न लिहिता काम पूर्ण करून दिलं. चित्र चांगलं गेलं पण हिशोब खोटा झाला, आणि पुढच्या वेळी तेच गिऱ्हाईक मागच्याएवढ्याच तासांत तेवढंच काम व्हावं अशी अपेक्षा घेऊन आलं, जी त्यांच्या बाजूने अगदी रास्त होती. याचा मला फार त्रास झाला. काम कधी संपलं हे ठरवायचा अधिकार करणाऱ्याकडे असावा असं मला मनापासून वाटतं, आणि तासाच्या दरात तो हळूच दुसऱ्याकडे जातो. इतरांना असाच अनुभव येईल असं नाही, समजूतदार गिऱ्हाइकं भेटली तर कदाचित कधीच येणार नाही.

उक्त्या दरात हा प्रश्न उरत नाही. आकडा आधी ठरलेला, अ‍ॅडव्हान्स आलेला, आता मी शेवटच्या गडद थरावर दोन दिवस घालवले काय किंवा चार काय, समोरच्याला फक्त चित्र चांगलं झाल्याशी मतलब. फोटो पाठवला की चर्चा चित्रावर होते, बिलावर होत नाही. हा फरक अनुभवल्याशिवाय कळत नाही.

पण उक्ता दर म्हणजे मनाला येईल तो आकडा असं करू नका, त्याला काहीतरी मोजमाप हवं, आणि इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. चित्रकार सहसा आकारावर दर लावतात आणि त्यातही दोन प्रकार आहेत. चौरस इंचावर लावला तर ८ बाय १० चं चित्र ८० चौरस इंच, १६ बाय २० चं ३२०, म्हणजे चौपट, आणि २४ बाय ३६ चं ८६४, म्हणजे जवळजवळ अकरा पट. मोठ्या कॅनव्हासवर अकरा पट कष्ट पडत नाहीत, मोठा ब्रश येतो, बॅकग्राउंड भराभर जातं. म्हणून मोठी चित्रं महाग होऊन तशीच पडून राहतात आणि छोटी इतकी स्वस्त पडतात की परवडत नाहीत, कारण चेहरा छोट्या कागदावरही जवळपास तेवढाच वेळ खातो. दुसरा प्रकार म्हणजे लांबी अधिक रुंदी, आणि त्या बेरजेवर दर. मग तीच चित्रं १८, ३६ आणि ६० अशी येतात, म्हणजे दुप्पट आणि सव्वातीन पटीहून थोडं जास्त. माझ्या कामात मला हे जास्त पटतं, वर प्रत्येक जादा चेहऱ्याचे वेगळे पैसे, आणि सगळ्यात खाली एक किमान आकडा ज्याच्या खाली ऑर्डरच घ्यायची नाही.

चेहऱ्यावर दर लावणं काही नवीन नाही. सतराव्या शतकातला इटालियन चित्रकार ग्वेर्चिनो चित्रातल्या आकृत्या मोजून पैसे घ्यायचा, पूर्ण आकृतीचे १०० डुकाट (त्या काळचं नाणं), अर्धीचे ५०, नुसत्या डोक्याचे २५, आणि त्याच्या कामांची हिशोबवहीसुद्धा आज उपलब्ध आहे. कमी पैसे देऊ करणाऱ्या एका आश्रयदात्याला त्याने कळवलं होतं की एवढ्या पैशात अर्ध्या आकृतीपेक्षा थोडंसं जास्त मिळेल. मला ही पद्धत फार आवडते, कारण त्यात माणसाची किंमत कमी होत नाही, काम कमी होतं. कोणी बजेट कमी आहे म्हणालं तर मी आता दर कमी करत नाही, तीन चेहऱ्यांऐवजी दोन, किंवा ऑइलऐवजी पेन्सिल असं सुचवतो, आणि बहुतेक लोकांना ते पटतं.

दोऱ्याच्या कामाला मात्र आकाराचा दर सरळ लावू नका, तिथे तो फसवतो. १४० बाय १४० टाक्यांचं डिझाइन, म्हणजे १९,६०० टाके. १४ काउंट कापडावर, म्हणजे इंचाला १४ टाके बसतात अशा कापडावर, ते १० बाय १० इंच भरतं. १८ काउंटवर तेच डिझाइन पावणेआठ इंचाच्या आसपास येतं, क्षेत्रफळ जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी. टाका एकही कमी झाला नाही, उलट भोकं बारीक, डोळ्यांना ताण जास्त, आणि आकाराच्या हिशोबाने पैसे कमी. म्हणून आमच्याकडे टाक्यावर दर आहे, आणि जिथे रंग सारखे बदलतात, एक टाका या रंगाचा दोन त्या रंगाचे असं विखुरलेलं काम असतं, तिथे तो वाढतो. फ्रेंच नॉट, म्हणजे दोरा गुंडाळून केलेल्या उठावदार गाठी, वेगळ्या मोजायच्या. एवढं केलं की आकडा बऱ्यापैकी बरोबर येतो.

उक्त्या दरात जोखीम आपल्या डोक्यावर, हे मान्य करूनच यात यायचं. एखादं काम अडतं, रंग जमत नाही, आणि ते नुकसान आपलं. माझ्या अनुभवात एक काम लांबतं तसं दुसरं लवकर होतं आणि गोळाबेरीज ठीक येते, पण ज्याच्याकडे ऑर्डरीच मोजक्या त्याला ही सरासरी मिळत नाही, त्याने थोडी जास्त फट ठेवून आकडा सांगावा. दुसरी डोकेदुखी बदलांची. "फक्त साडीचा रंग बदला ना" हे उक्त्यात फुकट वाटतं. त्यावर माझा उपाय असा की स्केच आणि रंग ठरवायच्या टप्प्यावर दोन वेळा बदल दरातच धरलेले, त्यानंतर रंगकाम सुरू झाल्यावर जो बदल येईल त्याचा आकडा वेगळा, आणि हे सगळं अ‍ॅडव्हान्स घेण्याआधी लिहून पाठवायचं. तोंडी ठरलेलं दोन महिन्यांनी दोघांनाही वेगवेगळं आठवतं.

महागडं सामान असेल तर तेही दरात मिसळू नका, वेगळी ओळ लिहा. इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या घिरलांदायो या चित्रकाराने १४८५ मध्ये चर्चच्या वेदीसाठीच्या एका चित्राचा करार केला त्यात एकूण ११५ फ्लोरिन (तिथलं सोन्याचं नाणं) ठरले होते आणि निळा रंग औंसाला चार फ्लोरिनच्या आसपासचा अल्ट्रामरीनच हवा असं वेगळं लिहिलेलं होतं. गिऱ्हाइकाला सोन्याचा वर्ख किंवा अस्सल रेशीम हवं असेल तर त्याला त्याची किंमत दिसू द्या, मजुरी त्यामुळे फुगल्यासारखी वाटत नाही. काम छापून विकायचं असेल, पुस्तकाच्या मुखपृष्ठाला वगैरे, तर ते हक्कही वेगळे आणि लेखी.

तर तुम्ही कुठे बसता ते बघा. अजून तुमचा हात बसायचाय, एकाच प्रकारची पाच-सहा कामंही झाली नाहीत, तर तासावर राहायला काहीच हरकत नाही, फक्त गिऱ्हाइकाला वरची मर्यादा सांगा, "यापेक्षा जास्त होणार नाही" असं, म्हणजे मधे थांबवायची घाई कमी होते. त्याच त्या प्रकारचं काम परत परत येत असेल तर मला वाटतं उक्त्यावर या, लवकर या. पण तास मोजणं सोडू नका. ते फक्त स्वतःच्या वहीत मोजा. मी प्रत्येक चित्राचे तास अजून लिहितो, कोणाला दाखवत नाही, आणि अधूनमधून मिळालेल्या पैशाला तासांनी भागून बघतो. आकडा माझ्या मनातल्या किमान दराखाली सलग यायला लागला की पुढच्या ऑर्डरीपासून दरपत्रक बदलतो. आधी घेतलेल्या ऑर्डरी जुन्याच दराने पूर्ण करायच्या, त्यात बदल नाही. आणि दुरुस्तीचं काम आलं तर ते आजही तासावरच घेतो, आधी दोन तास फक्त बघायचे आणि त्याचे पैसे वेगळे, मग पुढचा अंदाज.