लेखनाच्या वर्गासाठी मूडलचा फोरम: सेटिंग नीट असेल तरच

साठ जणांचा लेखन कौशल्याचा वर्ग, दोन क्रेडिट, आठवड्याला दोन तास. एवढ्या वेळात प्रत्येकाचं लिखाण वाचून त्यावर बोलणं होत नाही, म्हणून चर्चा ऑनलाइन न्यावी लागते. बहुतेक ठिकाणी ती व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जाते आणि दोन दिवसांत हॉल तिकीट, सुट्टीची नोटीस आणि वाढदिवसाच्या केकखाली गाडली जाते. कॉलेजकडे मूडल (ऑनलाइन वर्ग चालवण्याची प्रणाली) असेल तर त्यातला चर्चेचा फोरम ही याहून कितीतरी बरी जागा आहे. पाचपैकी साडेतीन गुण. दीड गुण मुख्यतः एका गोष्टीसाठी कापला आहे: फोरम उघडल्या उघडल्या जसा मिळतो तसा तो लेखनाच्या वर्गाला चालत नाही. सेटिंग बदलावी लागतात, आणि कुठली बदलायची हे तिथे कुठेच लिहिलेलं नसतं.

मूडल २००२ पासून आहे. मार्टिन डुगियामास यांनी ऑस्ट्रेलियातल्या पर्थमधून ते सुरू केलं. मुक्तस्रोत आहे, त्यामुळे परवाना फुकट. सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस मात्र फुकट नाही. आयआयटी मुंबईसारख्या संस्थेतही तेच वापरतात. फोरम हा त्याचा जुना भाग आहे आणि ते जुनेपण पडद्यावर दिसतं.

फोरमचे पाच प्रकार निवडता येतात. लेखनासाठी त्यातले दोनच खरे कामाचे. पहिला ‘क्यू अँड ए’. यात विद्यार्थ्याने स्वतःचं उत्तर टाकल्याशिवाय दुसऱ्याचं उत्तर दिसत नाही. लेखनाच्या वर्गात हीच खरी गरज असते. नाहीतर पहिल्या तिघांनी लिहिलेलं उरलेले सत्तावन्न जण शब्द फिरवून लिहितात. दुसरा ‘प्रत्येकाची एक चर्चा’. कच्चा खर्डा टाकायला हा उत्तम, कारण प्रत्येकाचा वेगळा धागा होतो आणि त्या लिखाणावरच्या सगळ्या प्रतिक्रिया त्याच्याच खाली येतात. ‘एकच साधी चर्चा’ हा प्रकार सोपा वाटतो म्हणून अनेक जण तोच घेतात; पण वेगळे गट केले की तो चालतच नाही.

‘क्यू अँड ए’मध्ये दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. एक, शिक्षक प्रश्न फोरमच्या वर्णनात लिहितात आणि चर्चा सुरूच करत नाहीत. मग विद्यार्थ्यांना उत्तर द्यायला काही दिसत नाही, आणि स्वतः चर्चा सुरू करायची परवानगी त्यांना नसते. प्रश्न वर्णनात नाही, चर्चा म्हणून टाकायचा. दुसरा घोळ मोठा आहे. उत्तर टाकल्यावर इतरांची उत्तरं लगेच दिसत नाहीत. टाकलेल्या पोस्टमध्ये दुरुस्ती करायची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं, आणि ती मूळ सेटिंगप्रमाणे ३० मिनिटं असते. नऊ चाळीसला लिहिलं तर दहा दहाला दार उघडणार. ही गोष्ट आधी सांगितली नाही तर ‘सर, दिसत नाहीये’ असे वीस निरोप येतात. संगणक कक्षात तासाभराच्या वर्गात लिहा-वाचा-उत्तर द्या असं बसवलं असेल तर सगळा बेतच फिसकटतो. मुदत पाच मिनिटांवर आणता येते, पण ती ॲडमिनलाच बदलता येते आणि बदलली की संपूर्ण साइटला लागू होते. एका कोर्सपुरती बदलायची सोय नाही. कापलेल्या दीड गुणांतला अर्धा याचाच.

या तीस मिनिटांचा एक फायदाही आहे, तो सहसा लक्षात येत नाही. हुशार पोरं नुसता पूर्णविराम टाकून दार उघडायला बघतात, आणि मूडल तो पूर्णविराम उत्तर म्हणून स्वीकारतं. पण दार उघडेपर्यंत दुरुस्तीची मुदतही संपलेली असते, त्यामुळे तो पूर्णविराम तसाच राहतो. फोरमच्या वर एक ओळ लिहून ठेवा: ‘गुण फक्त पहिल्या उत्तराला.’ युक्ती आपोआप बंद पडते.

दुरुस्ती बंद होते ही लेखनाच्या दृष्टीने अडचण नाही. सुधारलेला मसुदा स्वतःच्याच पोस्टला उत्तर म्हणून टाकायला सांगायचं. दोन्ही मसुदे वरखाली राहतात आणि काय बदललं ते सगळ्यांना दिसतं. अडचण होते ती ‘प्रत्येकाची एक चर्चा’ या प्रकारात. तिथे चुकीची फाइल गेली आणि अर्धा तास उलटला, तर विद्यार्थ्याला नवी चर्चा सुरू करता येत नाही. शिक्षकांनीच जुनी काढून टाकावी लागते.

आता गट. साठ जण, प्रत्येकाचं एक लिखाण आणि दोन प्रतिसाद, म्हणजे आठवड्याला १८० पोस्ट. एकेक दोन मिनिटांत वाचायची म्हटली तरी सहा तास. विद्यार्थी तर दहा पोस्टच्या पुढे वाचतच नाहीत. सगळे प्रतिसाद वरच्या चार पोस्टना मिळतात आणि खालचे उपाशी राहतात. ‘सेपरेट ग्रुप्स’ निवडून सात-आठ जणांचे आठ गट केले की प्रत्येकाला सहा-सात लिखाणंच वाचायची असतात. शिक्षकांनी दर आठवड्याला दोन गट बारकाईने वाचावेत, बाकीच्यांवरून नजर फिरवावी. चार आठवड्यांत फेरी पूर्ण होते. गट मूडल स्वतःच पाडून देतं, फक्त शेवटचा गट दोघा-तिघांचा होऊ नये म्हणून तिथली खूण करायला विसरू नका. आणि सत्राच्या मध्येच गट बदलू नका, जुन्या पोस्ट जुन्याच गटात राहतात.

गटांमध्ये एक सापळा आहे. शिक्षकाने प्रश्न ‘ऑल पार्टिसिपंट्स’ला उद्देशून टाकला तर तो सगळ्यांना दिसतो, पण विद्यार्थ्यांना त्याला उत्तर देता येत नाही. प्रश्न टाकताना ‘सगळ्या गटांना प्रत पाठवा’ ही चौकट आहे, ती खूण करायची. आठ गटांत आठ वेगळ्या चर्चा तयार होतात. नंतर प्रश्नातली शुद्धलेखनाची चूक दिसली तर ती आठ ठिकाणी दुरुस्त करावी लागते, तेव्हा आधीच दोनदा वाचा.

यंत्राचं एवढं झालं. प्रश्न मात्र शिक्षकालाच रचावा लागतो, आणि फोरम चालतो की पडतो ते इथेच ठरतं. ‘पर्यावरणाचं महत्त्व यावर मत मांडा’ असं विचारलं की साठ सारखी मतं येतात, आता तर चॅटजीपीटीच्या एकाच साच्यातली. लिहिणाऱ्याला घराबाहेर पाठवणारा प्रश्न चालतो. उदाहरणार्थ: ‘तुमच्या रस्त्यावरची एक हाताने लिहिलेली पाटी शोधा. मजकूर चुकांसकट उतरवा. ती कोणी, कोणासाठी लिहिली असावी ते १५० शब्दांत सांगा आणि तीच पाटी दुसऱ्या प्रकारे लिहून दाखवा.’

शब्दमर्यादा १५० का? इंग्रजी वर्गाच्या सूचना उचलून २५०-३०० शब्द मागण्याची पद्धत आहे. पण मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. ‘घरासमोरच्या’ हा एकच शब्द मोजला जातो. त्यामुळे १५० मराठी शब्दांत भरपूर मजकूर बसतो, आणि पुढे पाणी घालणं सुरू होतं. फोरमच्या सेटिंगमध्ये प्रत्येक पोस्टखाली शब्दसंख्या दाखवायची सोय आहे, ती चालू ठेवा.

प्रतिसादाची सूचना याहून काटेकोर हवी. नाहीतर ‘खूप छान लिहिलंय, आवडलं’ यापलीकडे काही येत नाही. ‘प्रतिसाद माणसाला नाही, वाक्याला द्या’ एवढं सांगितलं तरी फरक पडतो. पायऱ्या तीन: समोरच्याचं एक वाक्य अवतरणात उतरवा, ते वाचताना काय कळलं किंवा कुठे अडलं ते सांगा, एक बदल सुचवा. कोणीतरी ‘येथे गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल’ ही पाटी आणली असेल, तर कामाचा प्रतिसाद असा दिसतो: ‘“सोडण्यात येईल” यात कोण सोडणार ते लपवलंय. धमकी आहे, पण देणारा नाही. “मी हवा सोडेन” केलं तर भांडण होईल, म्हणून हे बरोबरच आहे. पण तुम्ही लिहिलंय की भाषा सरकारी आहे, ते पटत नाही. सरकार दंड करतं, हवा सोडत नाही.’ चाळीसेक शब्द. यावर वर्गात पंधरा मिनिटं बोलता येतं.

तारखांबाबत मूडल कमी पडतं. लिखाण बुधवारपर्यंत आणि प्रतिसाद शनिवारपर्यंत अशा दोन मुदती लागतात. फोरमला ‘ड्यू डेट’ एकच. ‘कट-ऑफ’ वेगळी आहे. ड्यू डेट उलटली तरी पोस्ट टाकता येते, कट-ऑफनंतर दार बंद. त्यामुळे बुधवार प्रश्नाच्या पहिल्या ओळीत ठळक लिहायचा, शनिवार ड्यू डेट ठेवायची आणि रविवारी रात्री कट-ऑफ. हे केलं नाही तर सगळे शनिवारी रात्री पावणेबाराला लिहितात आणि प्रतिसाद द्यायला समोर काही नसतं.

गुण देण्याचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही एकदम चालू केले तर गुणपत्रकात दोन वेगळे रकाने उमटतात. जुना मार्ग ‘रेटिंग’: प्रत्येक पोस्टला गुण. कमाल गुण १० ठेवून ‘बेरीज’ निवडा, लिखाणाला सहापैकी, दोन प्रतिसादांना दोन-दोन. बेरीज दहाच्या वर गेली तर मूडल दहावरच थांबवतं. ‘सरासरी’ चुकूनही निवडू नका; मग जास्त प्रतिसाद देणाऱ्याचे गुण कमी होतात. ‘काउंट’ तर फक्त किती पोस्टना गुण दिले ते मोजतं. नवा मार्ग ३.८ आवृत्तीपासून आला: संपूर्ण फोरमचं एकत्रित मूल्यमापन. यात एका विद्यार्थ्याच्या सगळ्या पोस्ट एकाखाली एक दिसतात, मूळ संवाद उघडून बघता येतो आणि निकषांचा तक्ता जोडता येतो. आठवड्याला गुण द्यायचे असतील तर रेटिंग, सत्रात दोन-तीनदाच द्यायचे असतील तर दुसरा मार्ग. तो खरोखर चांगला केला आहे.

खाजगी उत्तराची सोयही चांगली आहे. ‘हा परिच्छेद तुमचा वाटत नाही, भेटा’ हे सगळ्यांदेखत लिहायची गरज नाही. खाजगी उत्तराला विद्यार्थी तिथेच उत्तर देऊ शकत नाही, म्हणून ‘भेटा’ हा शब्द त्यात हवाच. निनावी लिहिण्याची सोय मात्र मूळ फोरममध्ये नाही. लाजरी मुलं इथे अडतात. निनावी परीक्षणच हवं असेल तर मूडलमधलं ‘वर्कशॉप’ बघा; ते जड आहे, टप्पे सांभाळावे लागतात, पण नावं झाकता येतात.

मेलबद्दल थोडक्यात. सबस्क्रिप्शन (प्रत्येक पोस्ट मेलने येणं) सक्तीचं केलं आणि गट नसतील तर १८० पोस्ट गुणिले ६० जण, म्हणजे आठवड्याला १०,८०० मेल. ‘ऑटो’ ठेवा आणि विद्यार्थ्यांना दिवसातून एकच एकत्रित मेल निवडायला शिकवा. मेल कोणालाच येत नसतील तर सर्व्हरवरचं क्रॉन (ठरावीक वेळाने आपोआप कामं चालवणारी सोय) बंद असण्याची शक्यता जास्त. ॲडमिनला तेवढंच विचारा.

देवनागरीचे प्रश्न वेगळे. मराठी भाषापॅक आहे पण अर्धवट, त्यामुळे पडद्यावर मराठी-इंग्रजीची भेळ दिसते. सरळ इंग्रजी ठेवलेलं बरं. श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर चिकटवला की अगम्य अक्षरं येतात, आधी युनिकोड करून घ्यावा लागतो. फोनवर बोलून टाइप केलेल्या मजकुरात विरामचिन्हं क्वचितच असतात. ‘ॲ’ काही कीबोर्डवरून एका अक्षराचा येतो, काहींवरून ‘अ’वर चंद्र ठेवून, दिसायला सारखे, पण फोरमच्या शोधात एक टाकला तर दुसरा सापडत नाही. आणि मोठं लिखाण थेट चौकटीत कोणी लिहू नये. लॉगिनची मुदत संपलेली असली तर ‘सबमिट’ दाबल्यावर ते नाहीसं होऊ शकतं. नोट्समध्ये लिहून चिकटवणं सुरक्षित. वर्डमधून आणताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही, म्हणजे फॉन्टचा कचरा सोबत येत नाही.

सत्र संपल्यावर कोर्स रीसेट करण्याआधी सगळ्या चर्चा निर्यात करून ठेवा. रीसेट करताना फोरमच्या पोस्टवर खूण राहिली तर सगळं पुसलं जातं. निर्यातीत सीएसव्ही (साध्या मजकुरातली तक्त्याची फाइल) मिळते. ती एक्सेलमध्ये थेट दोनदा क्लिक करून उघडली आणि देवनागरीऐवजी चिन्हांची खिचडी दिसली, तर फाइल बिघडलेली नाही. रिकामी वही उघडून ‘डेटा’मधून ती आयात करायची आणि एन्कोडिंगच्या यादीत यूटीएफ-८ निवडायचं.