बँकॉकहून ‘साडेसहा तासांत डायरेक्ट मुंबई’

पुण्यातल्या एका कुटुंबाला एजंटाने व्हॉट्सॲपवर परतीचा तपशील पाठवला: बँकॉकहून संध्याकाळी ५ वाजता निघणार, मुंबईत रात्री ११.३० ला पोचणार, प्रवास साडेसहा तास, ‘डायरेक्ट’. खरा प्रवास आठ तासांचा निघाला, मध्ये कोलकाता होतं आणि पैसे थेट विमानाचे गेले होते.

ही लबाडी घड्याळाच्या आड लपते. थायलंड भारताच्या दीड तास पुढे आहे आणि तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात. परतताना नुसती वजाबाकी केली की दीड तास गिळला जातो. एजंट परतीचाच आकडा पुढे करतात तो म्हणून.

मुंबई–बँकॉक हवाई अंतर साधारण ३,००० किलोमीटर. न थांबणाऱ्या विमानाला जाताना सव्वाचार तासांच्या आसपास लागतात, येताना वारा बहुधा समोरचा, म्हणून थोडे जास्त, पावणेपाच धरा. म्हणजे तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी जाताना पावणेसहा तास आणि येताना सव्वातीन तास यायला हवी. अर्धा तास इकडे-तिकडे चालतो. येताना साडेसहा दिसले तर विमान नक्की कुठेतरी उतरतंय.

‘वाटेत नुसतं टेकतं हो’ हे उत्तरही तपासून घ्या. कोलकाता जवळपास वाटेवरच आहे, अंतर ३,३०० किलोमीटरच्या आसपास होतं. दिल्लीवरून ४,१०० आणि क्वालालंपूरवरून तर ४,८००. एवढा वळसा मारणारं तिकीट स्वस्त असायला हवं. थेट विमानाच्या दरात ते घेऊ नये.

त्याहून वाईट म्हणजे दोन वेगळी तिकिटं एकाच पीडीएफमध्ये चिकटवणं. या कुटुंबाचं तेच झालं होतं. ओळखायची खूण सोपी: पीएनआर दोन असतात. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं सुटलं, तर दुसऱ्या कंपनीला तुमच्याशी देणंघेणं नाही; तुम्ही ‘नो-शो’, म्हणजे विमानाला आलाच नाहीत असं धरलं जातं. कोलकात्यात इमिग्रेशन, पट्ट्यावरून बॅगा घेणं, कस्टम्स आणि पुन्हा चेक-इन, हे सगळं उरलेल्या वेळात बसवायचं. बँकॉकमध्ये विमान बदलायचं असेल तर आणखी एक खोच आहे. तिथे सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग असे दोन विमानतळ आहेत. बीकेके आणि डीएमके हे कोड नीट वाचा; मधला रस्ता ४५ किलोमीटरच्या आसपास आहे आणि तिथली वाहतूक पुण्याला लाजवेल.

पैसे देण्याआधी फ्लाइट नंबर मागा आणि विमान कंपनीच्या साइटवर स्वतः टाकून बघा. ‘नॉन-स्टॉप’ लिहून घ्या, कारण धंद्यात ‘डायरेक्ट’ म्हणजे एकच नंबर. विमान मध्ये उतरलं तरी चालतं. तिकीट हातात आलं की पीएनआर आणि आडनाव टाकून बुकिंग उघडा. ते ‘होल्ड’वर दिसत असेल तर तिकीट निघालेलंच नाही, एजंट काहीही म्हणो.

पॅकेजमधल्या रात्रीही मोजा. मुंबईहून रात्री ११.५० ला निघून पहाटे साडेपाचला उतरणाऱ्यांची पहिली ‘रात्र’ विमानात जाते, हॉटेलची खोली दुपारी २ ला मिळते, आणि कागदावर ४ रात्री छापलेल्या असतात.

फसवणूक लक्षात आली तर चॅट आणि पावत्या पुसू नका. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच सायबर हेल्पलाइन १९३० वर फोन करा; सेवेबद्दलची तक्रार ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर.