इनविड-वीव्हेरिफाय : बेड्यांचा फोटो कुठला ते कळतं, बेड्या होत्या का ते नाही

अमेरिकेच्या सीमेवर जरा खुट्ट झालं की दांडिया बाजार ते अलकापुरी, बडोद्यातल्या प्रत्येक मराठी ग्रुपवर गुजराती आवाज चढवलेला एखादा व्हिडिओ येऊन पडतोच. असलं काही तपासायचं तर इनविड-वीव्हेरिफाय हे क्रोमचं एक्स्टेंशन कामाचं आहे. फुकट मिळतं, एएफपी ही फ्रेंच वृत्तसंस्था ते सांभाळते. फोनवरच्या क्रोममध्ये चालत नाही, कॉम्प्युटर लागतोच. आणि मराठी-गुजरातीचा पत्ता नाही. बटणं इंग्रजीतच वाचावी लागतात.

व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून व्हिडिओ उतरवून घ्या, एक्स्टेंशनमधलं 'कीफ्रेम्स' उघडा आणि फाइल चढवा. व्हिडिओतून निवडक चित्रं सुटी होऊन समोर येतात. पाटी, विमानाच्या शेपटीवरचा नंबर, गणवेशाचा बिल्ला दिसतो अशी दोन-तीन घ्या. गर्दीची घेऊ नका, गर्दी सगळीकडे सारखीच दिसते. अक्षरं बारीक असतील तर 'मॅग्निफायर' आहे. मग चित्रावर राइट-क्लिक करून गूगल लेन्स, यांडेक्स आणि टिनआय या चित्रावरून शोध घेणाऱ्या तिन्ही साइटवर शोधा. टिनआयमध्ये 'ओल्डेस्ट' लावलं की सगळ्यात जुनी नोंद वर येते, आणि आपल्याला हवी असते ती तीच.

फसतं कुठे? एक म्हणजे मथळ्याची पट्टी. ती कापून टाकली नाही तर लेन्स चित्र सोडून पट्टीतला मजकूरच शोधत बसतं. दुसरं, डावं-उजवं उलटवलेला व्हिडिओ. पाटीवरची अक्षरं आरशातल्यासारखी दिसली की चित्र आधी सरळ करून घ्या, मगच शोधा. फेसबुकच्या बंद ग्रुपची लिंक देऊन उपयोग नाही, फाइलच लागते. आणि मेटाडेटाच्या, म्हणजे फाइलमध्ये दडलेल्या माहितीच्या, नादी लागू नका. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने आला असेल तर तारीख-ठिकाण वाटेतच पुसलं गेलेलं असतं.

आता खरी परीक्षा. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान परत पाठवलेल्या १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. त्यात ३३ जण गुजरातचे होते. त्याच दिवशी विमानात बसलेल्या, तोंडाला मास्क आणि हातापायांत बेड्या असलेल्या माणसांचा एक फोटो 'हे आपले लोक' म्हणून फिरला. तो शोधला की टेक्सासमधल्या फोर्ट ब्लिसचा, ३० जानेवारीचा मूळ फोटो सापडतो. माणसं ग्वाटेमालाला पाठवली जात होती. केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनेही तेच सांगितलं. इथपर्यंत एक्स्टेंशनला पैकीच्या पैकी गुण.

घोळ यानंतर झाला. 'फोटो खोटा' याचा अर्थ लोकांनी 'बेड्या घातल्याच नव्हत्या' असा लावला. प्रत्यक्षात परतलेल्यांनी बेड्या होत्या असंच सांगितलं, आणि अमेरिकेच्या सीमा गस्ती दलाच्या प्रमुखाने टाकलेल्या व्हिडिओत त्या दिसतही होत्या. ६ फेब्रुवारीला परराष्ट्रमंत्री जयशंकर राज्यसभेत म्हणाले की परत पाठवताना जखडण्याची अमेरिकेची पद्धत २०१२ पासून आहे, मात्र बायका-मुलांना जखडत नाहीत असं अमेरिकेने कळवलं आहे. म्हणजे फोटो चुकीचा, गोष्ट बरोबर. हा फरक कुठलंही एक्स्टेंशन दाखवणार नाही. म्हणून पाचपैकी साडेतीन.

आकड्यांपुढेही एक्स्टेंशनचं काही चालत नाही. ऑक्टोबर २०२२ ते सप्टेंबर २०२३ या वर्षाचा ९६,९१७ हा आकडा 'इतके भारतीय अमेरिकेत घुसले' असा छापला जातो. अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याच्या तक्त्यात त्याला 'एन्काउंटर' म्हणतात, म्हणजे किती वेळा गाठ पडली त्याची मोजणी. एकच माणूस दोनदा सापडला तर दोन. रीतसर नाक्यावर येऊन प्रवेश नाकारला गेलेलाही त्यातच. यातले ४१,७७० मेक्सिकोच्या बाजूला आणि ३०,०१० कॅनडाच्या बाजूला. बाकीचे पंचवीस हजार या दोन्ही सीमांवरचे नव्हेतच. बातमीत 'डंकी' (चोरवाटेने परदेशात शिरणं) शब्द आला की हा हिशोब कोणी करत नाही. तक्ता खात्याच्या साइटवर खुला आहे. देश, वर्ष आणि सीमा निवडली की पाच मिनिटांचं काम.

मजकुराच्या अफवांपुढे तर एक्स्टेंशन हातच टेकतं. १९ सप्टेंबर २०२५ ला एच-१बी या अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर एक लाख डॉलरची फी जाहीर झाली आणि 'दरवर्षी भरायची, सुट्टीवर आलेल्यांनी लगेच परत जा' असे मेसेज सुटले. दरवर्षीची गोष्ट खुद्द अमेरिकेच्या वाणिज्यमंत्र्यांच्याच तोंडची, त्यामुळे त्यांचा व्हिडिओ तपासला तर तो अस्सलच निघणार. दुसऱ्याच दिवशी व्हाइट हाउसने खुलासा केला की फी एकदाच, तीही नव्या अर्जांना. ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांना नाही. तिथे कीफ्रेम्स काढत बसू नका. यूएससीआयएस या अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचं २० सप्टेंबरचं परिपत्रक उघडा आणि ते कोणत्या तारखेनंतरच्या अर्जांना लागू आहे तेवढी ओळ वाचा.