ॲल्युमिनियम रेडिएटर, आठ महिन्यांनंतर: सगळा घोळ झाकणाचा

तीन महिने वापरल्यावर मी या रेडिएटरबद्दल 'घेऊ नका' असं सांगून मोकळा झालो होतो. ते आज मागे घेतोय, पण अर्धंच. रेडिएटर चांगला आहे. त्याच्या खोक्यात आलेलं झाकण मात्र चुकीचं होतं, आणि त्यापायी मी धडधाकट इंजिनाचं हेड (वरचा भाग) उतरवायला निघालो होतो.

गाडी जुनी, कार्ब्युरेटरची. मूळचा तांब्या-पितळेचा रेडिएटर गाळाने निम्मा बुजला होता, म्हणून त्याच मापाचा हा घेतला. बसायला काही त्रास नाही, चारही बोल्ट हातानेच लागले.

पहिला महिना झकास गेला. ट्रॅफिकमध्ये उभी राहिली तरी तापमानाचा काटा मधोमध. मग एकदा लांब चढ चढून गाडी बंद केली आणि बोनेटखालून गुडगुड ऐकू आली. ओव्हरफ्लोच्या नळीतून हिरवं कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) बाटलीत, आणि बाटली भरली तशी जमिनीवर. सकाळी बघतो तर बाटली काठोकाठ आणि रेडिएटर अर्धा लिटर रिकामा. पुढे असं पाच वेळा झालं.

आधी थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून पाण्याच्या भांड्यात उकळत ठेवला. ८२ अंशांचा आहे, वेळेवर उघडला. ठिणगीचं टायमिंग मागे पडलं तरी इंजिन तापतं, तेही टायमिंगचा दिवा लावून पाहिलं, बरोबर होतं. प्लग पांढरे पडले नव्हते, म्हणजे मिक्श्चर लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) नाही. मेकॅनिकचं एकच पालुपद, हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) गेलं. म्हणून निळ्या द्रवाची चाचणी केली. कूलंटमध्ये एक्झॉस्टचा गॅस येत असेल तर ते द्रव पिवळं होतं. ते निळंच राहिलं.

मग प्रेशर टेस्ट. हातपंप लावून ७ पीएसआय (दाबाचं एकक) दाब दिला, पंधरा मिनिटं काटा हलला नाही. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं, "रेडिएटर पास आहे, इंजिन तपासून घ्या." मीही ते मान्य केलं, याचा मला अजून राग येतो. कारण हा पंप झाकण काढून त्याच्या जागी लावतात! त्याचं रबर लांब आणि स्वतःचं असतं. पंधरा मिनिटं आम्ही सगळं तपासलं, फक्त झाकण सोडून.

पाचव्या महिन्यात, गाडी पूर्ण गार असताना, कूलंट भरायला झाकण काढलं आणि सहज उलटं करून पाहिलं. खालचं रबर कोरं करकरीत. रेडिएटरच्या तोंडाच्या आतल्या कडेवर ते दाबून बसत असेल तर चार-पाच महिन्यांत त्यावर गोल वळ उमटायलाच हवा. एक रेघही नव्हती. व्हर्नियरने मोजलं. तोंडाची खोली २५ मिमी, झाकणाची पोच, म्हणजे खालचं रबर आत जिथवर पोचतं ते अंतर, १९ मिमी. म्हणजे रबर कडेला टेकतच नव्हतं, सहा मिमी वर लटकत होतं. वरून झाकण घट्ट फिरायचं, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं.

एवढ्याशा फरकाने काय होतं? ७ पीएसआयच्या झाकणाखाली साधं पाणी सुमारे १११ अंशांना उकळतं, उघड्यावर १०० ला. कूलंटमुळे दोन्ही आकडे थोडे वर जातात, पण दाबाने मिळणारी सवलत माझ्या गाडीला मिळतच नव्हती. चालत्या गाडीत पंप पाणी फिरवत राहतो म्हणून निभावतं. बंद केली की पाणी थांबतं, हेडची सगळी उष्णता तिथल्याच पाण्यात उतरते आणि ते उकळतं. बाटली भरलेली का राहायची तेही तेव्हा कळलं. गार होताना झाकणातला छोटा व्हॉल्व्ह बाटलीतलं कूलंट परत ओढतो, पण ओढ लागायला झाकणाची वरची कड तोंडावर हवाबंद बसलेली हवी. झाकण घट्ट फिरत असलं तरी तीही नीट बसत नसावी, म्हणून नुसती हवा आत जात होती.

तुमची गाडी तापत असेल तर आधी कधी तापते ते बघा. उभी असताना तापली तर पंखा आणि रेडिएटरला लागणारी हवा तपासा. वेगात तापली तर रेडिएटरची जाळी, पंप आणि खालचा होज (रबरी नळी). वेगात तो खेचीने आत चेपतो. आणि बंद केल्यावर उकळली तर झाकणाचं रबर बघा, हेडला हात लावायच्या आधी. गरम असताना झाकण मात्र उघडू नका, वाफेने हात भाजतो.

२५ मिमी पोचेचं, ७ पीएसआयचंच झाकण लावून आता तीन महिने झाले. जास्त दाबाचं मुद्दाम घेतलं नाही, जुन्या हीटरला आणि होजना ते झेपणार नाही. तोच चढ चार वेळा चढलो, गुडगुड नाही. कूलंट टाकावं लागलेलं नाही आणि सकाळी बाटलीतली पातळी खाली उतरलेली दिसते.

आता एकच तक्रार उरली आहे. पाणी काढायचा खालचा नळ पुढच्या पत्र्याला इतका चिकटून आहे की पाना फिरत नाही, दर वेळी खालचा होज सोडवावा लागतो. विक्रेत्याला झाकणाची दोन्ही मापं फोटोसकट पाठवली आहेत. निदान पुढच्या खोक्यात तरी बरोबर झाकण घाला, एवढंच मागितलंय. उत्तर आलेलं नाही.