क्यूजीआयएस की आर्कजीआयएस? नकाशे शिकणाऱ्याने सुरुवात कुठून करावी

बी.ए.चा निकाल लागला की भूगोल घेतलेली मुलं हमखास हा प्रश्न घेऊन येतात. "सर, जीआयएस शिकायचंय. क्यूजीआयएस करू की आर्कजीआयएस?" आणि पाठोपाठ, जरा दबक्या आवाजात, "फी किती पडेल?" जीआयएस म्हणजे ठिकाणांशी जोडलेली माहिती संगणकावर नकाशात मांडायची आणि तपासायची पद्धत, आणि ही दोन त्यासाठीची सॉफ्टवेअर. गेली काही वर्षं मी नकाशे शिकवतोय आणि माझं उत्तर आता पक्कं झालंय. स्वतःच्या खिशातून शिकणार असाल तर क्यूजीआयएसने सुरुवात करा, पाच-सहा महिने त्यातच मुरा, आणि गरज पडेल तेव्हा आर्कजीआयएस उचला. काही जणांसाठी मात्र हे उत्तर नेमकं उलटं आहे, म्हणून दोन्ही बाजू सविस्तर मांडतो.

आधी दोघांचं मूळ, कारण पुढचे बरेच फरक तिथूनच येतात. आर्कजीआयएस हे एस्री या अमेरिकी कंपनीचं उत्पादन. जॅक आणि लॉरा डेंजरमंड या दांपत्याने 1969 मध्ये कॅलिफोर्नियातल्या रेडलँड्स इथे ही कंपनी सुरू केली. क्यूजीआयएसची सुरुवात 2002 मध्ये गॅरी शर्मन यांनी केली. आज जगभरचे लोक मिळून ते घडवतात आणि ते मुक्त परवान्याखाली, म्हणजे फुकट, मिळतं. म्हणजे एकाच्या मागे विक्री, प्रशिक्षण, तक्रार निवारण अशी सगळी व्यवस्था उभी आहे. दुसऱ्याच्या मागे वापरणाऱ्यांचा मोठा गोतावळा आहे आणि अडलं की तिथेच विचारायचं.

परवाना आणि लॅपटॉप

क्यूजीआयएस विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. घरात भावाचा जुना 4 जीबीचा लॅपटॉप असेल तरी एखाद्या गावाचा किंवा तालुक्याचा नकाशा त्यावर निघतो. थोडा वेळ लागतो, एवढंच. दर चार महिन्यांनी नवी आवृत्ती येते, पण शिकणाऱ्याने तिच्यामागे धावू नये. दीर्घकाळ आधार मिळणारी, एलटीआर म्हणतात ती आवृत्ती घ्यावी.

आर्कजीआयएसचं आजचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर, म्हणजे आर्कजीआयएस प्रो, फक्त विंडोजवर चालतं. किमान 8 जीबी रॅम लागते आणि प्रत्यक्षात 16 जीबी असल्याशिवाय काम सुखाने होत नाही. परवान्याचे पैसे दरवर्षी भरावे लागतात. विद्यार्थ्यांसाठी आणि वैयक्तिक वापरासाठी स्वस्त परवाने आहेत, पण त्यांवर पैसे घेऊन कोणाचं काम करता येत नाही. कॉलेजकडे संस्थेचा परवाना असेल तर गोष्ट वेगळी. तसा असेल तर तो संपेपर्यंत पुरेपूर वापरून घ्या.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. बऱ्याच मुलांना अजूनही आर्कमॅप शिकवलं जातं, आणि तेही कुठून तरी उतरवून घेतलेल्या चोरीच्या प्रतीवर. आर्कमॅप हे एस्रीचं जुनं सॉफ्टवेअर. त्याच्या निवृत्तीची तारीख कंपनीने 1 मार्च 2026 अशी जाहीर केलेली आहे. त्याची बटणं पाठ करण्यात घातलेले सहा महिने प्रोमध्ये फारसे कामाला येत नाहीत. शिवाय चोरीच्या प्रतीवर केलेलं काम ग्राहकाला बिल लावून देता येत नाही. आर्कजीआयएस शिकायचं ठरलंच तर प्रो शिका.

नोकरी

महापालिका, वीज आणि पाणीपुरवठ्याची जाळी, मोठ्या सल्लागार कंपन्या, परदेशी ग्राहकांसाठी नकाशे करणाऱ्या पुण्या-हैदराबादच्या कंपन्या : इथे आर्कजीआयएसचा दबदबा आहे. शंभर जण एकाच वेळी त्याच पाइपलाइनच्या माहितीवर काम करत असतील, कोणी काय बदललं याची नोंद लागत असेल आणि बंद पडलं तर फोन करायला माणूस हवा असेल, तर ती संस्था पैसे मोजून आर्कजीआयएस घेते. त्यात तिचं चुकत नाही. तुम्ही आधीच अशा खात्यात असाल, किंवा अशा कंपनीची नोकरी हातात असेल, तर माझा सल्ला उलटा धरा. सरळ आर्कजीआयएस प्रोला बसा, वर्षभर दुसरीकडे बघूही नका.

पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्था, संशोधक, पत्रकार, छोटे व्यावसायिक आणि एकट्याने काम करणारे लोक बहुतेक क्यूजीआयएसवर असतात. शिवारात फिरून माहिती गोळा करायची असेल तर क्यूफील्ड हे ॲप क्यूजीआयएसचा प्रकल्प जसाच्या तसा मोबाइलवर उघडतं. विहिरीपाशी उभं राहून फोटो काढायचा, खोली लिहायची, पुढच्या विहिरीकडे निघायचं. आणखी एक सोय मला फार आवडते, ती म्हणजे ॲटलास. एका गावाच्या नकाशाची मांडणी करून ठेवली की तालुक्यातल्या 100 गावांचे 100 नकाशे, प्रत्येकावर त्या गावाचं नाव घालून, एका दमात निघतात. आर्कजीआयएस प्रोमध्येही मॅप सिरीज नावाने हेच करता येतं, पण फुकटात मिळालेली सोय विद्यार्थ्याला जास्त मोकळेपणाने वापरता येते.

एकातलं दुसऱ्यात नेता येतं का, हेही विचारतात. माहिती नेता येते. शेपफाइल आणि जिओपॅकेज हे नकाशाची माहिती साठवायचे फाइलचे प्रकार दोन्हीकडे उघडतात. रंग, लेबलं, मांडणी यांचं तसं नाही, ती बहुतांशी पुन्हा बसवावी लागतात. म्हणून दोघांनी मिळून काम करायचं असेल तर सॉफ्टवेअर पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावं.

दोन्हीकडे सारखंच चुकतं ते

तुलनेच्या नादात एक गोष्ट मागे पडते. नकाशा बिघडतो तो बहुतेक वेळा सॉफ्टवेअरमुळे नव्हे, तर पाया कच्चा राहिल्यामुळे.

क्षेत्रफळ घ्या. गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याच्या रीतीला प्रक्षेपण म्हणतात, आणि वेब नकाशांचं नेहमीचं प्रक्षेपण म्हणजे वेब मर्केटर. त्यात पुण्याच्या अक्षांशावर क्षेत्रफळ साधारण 11-12 टक्क्यांनी जास्त येतं. 100 हेक्टरचं शिवार कागदावर 110 हेक्टरच्या पुढे जातं आणि पाणलोटाचा सगळा हिशोब फसतो. क्यूजीआयएसमध्ये क्षेत्रफळाच्या सूत्रात $area असं लिहिलं तर पृथ्वीचा गोलवा धरून मोजमाप होतं, area($geometry) लिहिलं तर सपाट. आर्कजीआयएस प्रोमध्येही साधं क्षेत्रफळ आणि जिओडेसिक (गोलवा धरून मोजलेलं) क्षेत्रफळ असे दोन पर्याय समोर येतात. दोघांनीही योग्य वाट दिलेली आहे. ती कोणती, हे मात्र आपल्यालाच माहीत असावं लागतं. महाराष्ट्रात त्यात भर म्हणजे 78 अंश पूर्व रेखांश राज्यातून जातो. यूटीएम या प्रक्षेपण पद्धतीत पृथ्वीचे उभे पट्टे पाडून प्रत्येकाचं मोजमाप वेगळं ठेवतात. त्यामुळे पुणे, नाशिक, अमरावती यूटीएमच्या 43 व्या पट्ट्यात आणि वर्धा, नागपूर, चंद्रपूर 44 व्या. पुण्यातल्या प्रकल्पाचा साचा उचलून नागपूरला वापरणारे मी पाहिलेत.

मग जिल्ह्यांची जोडणी, म्हणजे आकड्यांचा तक्ता नकाशातल्या जिल्ह्यांना जोडणं. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राचे जिल्हे 35. पालघर 1 ऑगस्ट 2014 ला वेगळा झाला, म्हणजे आजच्या सीमांच्या नकाशात 36. जनगणनेचा तक्ता त्याला जोडला की पालघर कोरा राहतो आणि ठाण्यावर अख्ख्या जुन्या जिल्ह्याचा आकडा बसतो. त्यातच उस्मानाबादचं धाराशिव झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, अहमदनगरचं अहिल्यानगर. नावावरून जोडणी केली की ओळी गळतातच. जनगणनेचा क्रमांक वापरा : नंदुरबार 497 पासून सांगली 531 पर्यंत. ही सवय कोणतंही सॉफ्टवेअर आपणहून लावत नाही.

आणि रंग. नववीच्या भूगोलात क्षेत्रघनी पद्धत, म्हणजे आकड्यांचे गट पाडून प्रदेश रंगवायची पद्धत, शिकलो होतो, तीच इथे आहे. 2011 मध्ये गडचिरोलीची घनता दर चौरस किलोमीटरला 74 आणि मुंबई उपनगराची 20,000 च्या वर. समान अंतराचे पाच गट पाडले तर दोन्ही मुंबई शेवटच्या गटात जातात, उरलेले 33 जिल्हे पहिल्याच गटात आणि मधले तीन रंग नुसते सूचीत उरतात. ठाण्याचे 1,157 आणि गडचिरोलीचे 74 एकाच रंगात. गटांत समान संख्येने जिल्हे टाका, किंवा आकडे स्वतः पाहून हाताने सीमा ठरवा, की नकाशा बोलायला लागतो. दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये हे दोन क्लिकचं काम आहे.

देवनागरी नकाशाचं काय?

नकाशा मराठीत करायचा असेल तर हा भाग सावकाश वाचा, कारण शिकवणी वर्गात याविषयी कोणी बोलत नाही.

पहिली अडचण फाइलची. शेपफाइलमध्ये रकान्याच्या नावाला 10 बाइट मिळतात. यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाइट खातं, म्हणजे "लोकसंख्या" हे नाव "लोक"पर्यंतच पोचतं. रकान्याची नावं रोमनमध्ये ठेवा, आतली माहिती मराठीत ठेवा आणि जमलं तर शेपफाइलऐवजी जिओपॅकेज वापरा. सरकारी कार्यालयातून आलेली यादी श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये ती इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते आणि गावांची नावं एकेक करून तपासावी लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला आडवाट नाही.

दुसरी अडचण लिपीची, आणि ती मला सगळ्यात जिव्हाळ्याची वाटते. नकाशाच्या लेबलांचे रूढ संकेत रोमन लिपीसाठी तयार झालेत. राज्याचं नाव कॅपिटलमध्ये, नदीचं तिरक्या अक्षरांत, डोंगररांगेचं नाव अक्षरांत लांब अंतर सोडून. देवनागरीत कॅपिटल नाही. तिरकी अक्षरं आपल्या डोळ्यांना सवयीची नाहीत. आणि "सह्याद्री" मध्ये अक्षरांचं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते, शब्दाचे तुकडे होतात. मग उतरंड दाखवायची कशी? आकार, जाडी आणि रंग यांनी. जिल्हा ठळक, तालुका मध्यम, गाव बारीक, नद्या निळ्या, डोंगररांग मोठ्या पण फिकट अक्षरांत, अंतर न वाढवता. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी यांसारखा अनेक जाडींचा फॉन्ट घेतला तर एकाच कुटुंबात सगळं बसतं.

नदीच्या वळणावर नाव वाकवताना "कृष्णा", "इंद्रायणी" मधली जोडाक्षरं शाबूत आहेत का ते छपाईआधी मोठं करून पाहा. फुटत असतील तर नाव सरळ ठेवा. दाटीवाटीच्या नकाशात लेबलं आपोआप जागेवर बसवण्यात आर्कजीआयएसचं मॅप्लेक्स इंजिन सरस आहे, हे मान्य करायला हवं. क्यूजीआयएसचा हात वरचढ ठरतो तो सूत्रांत. लोकसंख्येनुसार अक्षराचा आकार, अमुक प्रमाणाखाली गावाचं नाव गायब, वर मराठी आणि खाली इंग्रजी, हे सगळं एका ओळीच्या सूत्राने होतं. मराठी नकाशे करायला मी क्यूजीआयएस निवडतो ते या एका कारणासाठी.

भारताची बाह्य सीमा मात्र कुठल्याही परदेशी संकेतस्थळावरून उतरवू नका. सर्व्हे ऑफ इंडियाचीच वापरा. त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवर 1:50,000 प्रमाणाचे स्थलनिर्देशक नकाशेही पीडीएफ रूपात मोफत मिळतात.

वर्ग, पदवी की स्वतःच?

दोन वर्षांची एम.एस्सी. किंवा पदव्युत्तर पदविका सरकारी भरतीत आणि संशोधनात उपयोगी पडते, कारण तिथे जाहिरातीत पदवीच मागतात. दूरसंवेदन, म्हणजे उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीची माहिती काढणं, खोलात शिकायचं असेल तर तिला पर्यायही नाही. पदवी आधीच असेल आणि फक्त कौशल्य हवं असेल, तर देहरादूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहेत आणि प्रमाणपत्रही मिळतं. क्यूजीआयएसच्या संकेतस्थळावरची प्रशिक्षण पुस्तिका सोबत ठेवली की सुरुवातीचे दोन-तीन महिने भरून निघतात. प्रोग्रामिंग येत असेल तर लीफलेट किंवा मॅपलिब्रे ही वेब नकाशांसाठीची तयार कोडची साधनं घेऊन थेट वेब नकाशांकडे वळता येईल. पण प्रक्षेपण आणि वर्गीकरण डेस्कटॉपवर शिकून मग वळा.

खासगी वर्गाला फी भरण्याआधी तिथे जाऊन तीन गोष्टी विचारा. आर्कमॅप शिकवता की प्रो, आणि परवाना कोणाचा? सरावाला माहिती अमेरिकेतल्या कुठल्याशा शहराची देता की इथल्या तालुक्याची? अभ्यासक्रम संपेल तेव्हा माझ्या हातात मी स्वतः केलेले किती नकाशे असतील? तिसऱ्या प्रश्नावर "प्रमाणपत्र मिळेल" असं उत्तर आलं तर ते पैसे जास्त रॅमच्या लॅपटॉपसाठी बाजूला ठेवा. घरी बसून आपल्याच तालुक्याचा नकाशा करायला घ्या : ओढे, विहिरी, वाड्या-वस्त्या, एसटीचे थांबे. मुलाखतीत तो पुढे ठेवा, आणि वेब मर्केटरमध्ये क्षेत्रफळ का मोजलं नाही हे विचारलं तर सांगता येईल इतकी तयारी ठेवा.